कडू आहे, कडक आहे... पण ताजी आहे का?

आपल्याकडे बिअरचे प्रकार किती? दोनच. माइल्ड आणि स्ट्राँग. आणि स्ट्राँग म्हणजे काय, तर दोन बाटल्यांत काम झालं पाहिजे! मेन्यूकार्डाकडे ढुंकूनही न बघता ‘एकदम चिल्ड आण रे’ म्हणणाऱ्या तमाम मंडळींचा फंडा हाच. चिल्ड का? तर जीभ बधिर झाली की चव कळत नाही. आणि बऱ्याचदा ती न कळलेलीच बरी असते, बॉस!

पण ‘डबल आयपीए’ नावाचा एक प्रकार आहे. अल्कोहोल आपल्या स्ट्राँगइतकंच, ८ टक्क्यांच्या आसपास. फक्त ही बिअर घटाघट ढोसायची नाही. आधी हुंगायची, मग एक घोट, मग जरा थांबायचं.

माझी आणि तिची पहिली भेट थेट तिच्या माहेरी झाली. प्रोजेक्टसाठी सॅन फ्रान्सिस्कोत होतो. तिथून उत्तरेला साधारण ९० किलोमीटरवर सांता रोझा हे गाव. गावात रशियन रिव्हर ब्रुइंग कंपनीचा २००४ पासून चालू असलेला पब आणि तिथे मिळणारी जगप्रसिद्ध बिअर, ‘प्लिनी द एल्डर’. नाव एका रोमन पंडिताचं. हॉप्स या वनस्पतीचा उल्लेख त्याच्या लिखाणात आहे अशी समजूत आहे, म्हणून हा मान. पंडित इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गेला, बिअरमुळे अमर झाला!

या बिअरचा कर्ता विनी सिलुर्झो. १९९४ मध्ये तो टेमेक्युला गावातल्या ‘ब्लाइंड पिग’ या छोट्या ब्रुअरीत होता. यंत्रं जुनीपुराणी. बिअरमध्ये भलतीसलती चव उतरलीच तर ती झाकली जावी, म्हणून गड्यानं हॉप्स दुप्पट टाकले आणि माल्टही वाढवलं. आज जगभर मिळणाऱ्या डबल आयपीएची सुरुवात अशी, जुगाडातून झाली.

हॉप्स म्हणजे एका वेलीची हिरवी, कागदासारख्या पाकळ्यांची बोंडं. आत पिवळी चिकट भुकटी असते. ती उकळत्या रसात टाकली की कडवटपणा येतो, पण सुवास वाफेबरोबर उडून जातो. म्हणून सुवासासाठी हॉप्स अगदी शेवटी टाकतात, आणि बिअर आंबून झाल्यावर गारच भिजत ठेवतात. याला म्हणतात ड्राय हॉपिंग.

आता ग्लासाकडे वळूया. रंग तांबूस सोनेरी, वर पांढराशुभ्र फेस. नाक जवळ नेलं आणि आधी आठवलं पपनस. मग मोसंबीची साल नखानं खरवडल्यासारखा वास, आणि मागून पाइनच्या ओल्या लाकडाचा. पहिल्या घोटात किंचित गोडवा आणि लगेच कडू... सॉलिड कडू! पण औषधासारखं नाही. कारल्याची खरपूस काचरी खाल्ल्यावर पुढची उचलायला हात आपोआप जातो ना, तसं. गुळगुळीत, चिकट असं काही मागे राहत नाही, कारण बनवताना थोडी साखर घालतात. ती यीस्ट फस्त करतं आणि बिअर जड होत नाही. ८ टक्के अल्कोहोल आहे हे जिभेला कळतच नाही. खरा धोका तोच!

आणि आता गंमत. आयपीए म्हणजे इंडिया पेल एल. यातला इंडिया आपलाच. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या बो भागातल्या हॉजसनच्या ब्रुअरीतून पिंपं निघायची आणि आफ्रिकेला वळसा घालून चार-सहा महिन्यांनी मुंबई, मद्रास, कलकत्त्याला पोचायची. इतक्या प्रवासात बिअर टिकावी म्हणून हॉप्स जास्त. थोडक्यात, टिकण्यासाठी हॉप्स!

आजच्या आयपीएचं नेमकं उलटं. तिची सगळी मजा त्या सुवासात, आणि ऊन, उष्णता, हवा यांनी तोच आधी मरतो. प्लिनीच्या बाटलीवरच बजावलंय की थंड ठेवा, ताजी प्या, साठवू नका. इंडियासाठी घडलेल्या घराण्यातली ही पोर इंडियापर्यंतचा प्रवासच सोसू शकत नाही! त्यामुळे येताना बॅगेत बाटल्या आणायचा मोह मी आवरला. परदेशातून येणाऱ्या मित्रालाही ‘एखादी घेऊन ये’ म्हणू नका. महिनोन् महिने दुकानाच्या शोकेसमध्ये दिव्याखाली उभी असलेली महागडी इंपोर्टेड आयपीए तर नकोच.

मग काय करायचं? पुण्यात २००९ मध्ये डूलॅली सुरू झाली, तेव्हापासून आपल्या शहरांत मायक्रोब्रुअरी रुजल्या. तिथे जा आणि काउंटरवर बिनधास्त विचारा, ‘आयपीए कधी भरलीय?’ गेल्या दोन-तीन आठवड्यांतली असेल तर घ्या. तिथली तुमच्या गावची ताजी आयपीए ही कॅलिफोर्नियाहून आलेल्या शिळ्या नामवंत बाटलीला भारी पडते.

जाता जाता थोड्या टिप्स...

• बर्फगार नको. फ्रीजबाहेर दहा मिनिटं ठेवा, वास खुलतो.

• बाटलीतून नको, ग्लासात ओता. तोंडाशी निमुळता ग्लास असेल तर उत्तम.

• सोबत चीज किंवा पिझ्झा. झणझणीत काही घेतलंत तर कडू आणि तिखट एकमेकांना चढवतात, पाण्याचा जग जवळ ठेवा.

• हिशोब पक्का ठेवा. ८ टक्क्यांची अर्धा लिटर बिअर म्हणजे व्हिस्कीचे तीन स्मॉल पेग. एकच ग्लास, तोही दोघांत. आणि गाडीची चावी? घरीच ठेवून या. परतीला रिक्षा आहे की!