दप्तराच्या किल्ल्या



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजिले आहे, ते गुरुजी शाळा सुटल्यावर आम्हांला अफझलगंजच्या ग्रंथालयात नेत असत. १८९१ मध्ये कुतुबखाना-ए-आसफिया म्हणून स्थापन झालेली ही संस्था १९३६ मध्ये मुसीकाठच्या आजच्या वास्तूत आली. तेथे वर्तमानपत्र कोणीही वाचावे. पुस्तक घरी न्यावयाचे तर सभासदत्व हवे. दाखलनोंदीची वही मात्र ग्रंथपालांच्याच हाती. मला हा पंक्तिप्रपंच वाटे. गुरुजी नुसते हसत.

माजी विद्यार्थ्यांनी शाळेचे जुने दप्तर स्कॅन करून ‘क्लाउड’वर, म्हणजे दूरच्या कंपनीच्या संगणकावर मिळणाऱ्या जागेत, ठेवावयाचे ठरविले आणि ते काम माझ्याकडे आले. हस्तलिखित अंक, स्नेहसंमेलनाची छायाचित्रे, प्रवेशाच्या नोंदवह्या असे सारे मी एकाच फोल्डरमध्ये घातले, ‘दुवा असलेल्या कोणालाही’ हा पर्याय निवडला आणि दुवा व्हॉट्सअ‍ॅपवर धाडून दिला. आठ दिवसांनी एका माजी विद्यार्थिनीचा दूरध्वनी आला. नोंदवहीतील त्यांच्या ओळीत जन्मतारीख होती, जात होती, आणि ‘फी थकल्याने नाव कमी केले’ असा शेराही होता. तो त्यांच्या सुनेने वाचला होता.

माझे काय चुकले? परवानगीत दोन प्रश्न असतात: कोणाला, आणि काय करण्याची. हा विचार जुनाच आहे. १९७० च्या दशकातील युनिक्स प्रणालीतही फाइलीचा मालक, त्याचा गट आणि इतर यांचे वाचण्याचे व लिहिण्याचे अधिकार वेगवेगळे ठेवलेले असत. आजच्या गूगल ड्राइव्हमध्ये दर्शक केवळ पाहतो, टिप्पणी करणारा शेरा लिहितो, संपादक मजकूर बदलतो आणि मालकाकडे सर्वाधिकार राहतात. परंतु दुवा माणूस ओळखत नाही. तो ज्याच्या हाती पडेल, त्याला दार उघडते. परवानगी नावानिशी दिली, तरच येणाऱ्याला आपल्या खात्याची ओळख पटवावी लागते. शिवाय फोल्डरला दिलेली मोकळीक आतील प्रत्येक कागदापर्यंत झिरपते. मी छायाचित्रांसाठी दार उघडले, त्यातूनच नोंदवह्या बाहेर गेल्या.

आणखी दोन गोष्टी मला उशिरा कळल्या. मालकाने मनाई केली नसेल, तर संपादक इतरांनाही आत घेऊ शकतो. दर्शकाचे प्रत उतरविणे बंद करता येते, पण पडद्याचे छायाचित्र कोण अडविणार?

आता नोंदवह्यांचे फोल्डर वेगळे केले आहे. ते मुख्याध्यापिका व लेखनिक या दोघांनाच, नावानिशी, उघडते. कोणाला आपली नोंद हवी असल्यास अर्ज करावा, तेवढेच पान मिळेल. छायाचित्रे पूर्वीप्रमाणे सर्वांसाठी खुली आहेत. हस्तलिखित अंकांचे तसे नाही, कारण लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे त्याचा स्वामित्वहक्क टिकतो; तेव्हा हयात लेखकांची संमती मागविली आहे. सारा संग्रह माझ्या खाजगी खात्यातून काढून शाळेच्या खात्यात नेला. उद्या मी नसलो, तर माझा परवलीचा शब्द कोणाला ठाऊक? दर जून महिन्यात परवानग्यांची यादी मुख्याध्यापिका वाचतील आणि संस्था सोडून गेलेल्यांची नावे काढतील.

त्या भगिनींना मी क्षमापत्र लिहिले. त्यांनी एकच विचारले, ते पान आणखी कोणाकोणाकडे आहे? दुव्यावरून, खात्यात प्रवेश न करता, आलेल्यांची नावे कोठेही उमटलेली नव्हती. मला उत्तर देता आले नाही.