काळारामाचा दगड, चित्रकूटचं शेवाळ

काळाराम मंदिराचा काळाकभिन्न दगड पाहून वाटतं, याहून जुनं काय असणार? पण ब्रह्मगिरी काय, पांडवलेणी काय, नाशिकचा हा सगळा बेसाल्ट साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. ४५४ कोटी वर्षांच्या पृथ्वीपुढे तो अगदी कालपरवाचा! आदिम जीवांचा माग काढायचा तर रामाच्या वनवासाची वाट उलटी धरावी लागते : पंचवटीहून चित्रकूट.

त्या बाजूच्या विंध्य खडकांतल्या बारीक जीवाश्मांवर डेहराडूनच्या वाडिया संस्थेतल्या रफत जमाल आझमी यांनी १९९८ साली लेख लिहिला आणि एकच गदारोळ उठला. ते म्हणत होते, हे सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वीचे कवचधारी जीव. पण खडक तर त्याच्या कितीतरी आधीचा मानला जात होता. जीवाश्मांच्या खरेपणावरच शंका घेतली गेली.

निकाल लागला २००९ मध्ये. स्वीडनच्या स्टेफान बेंग्टसन यांच्या चमूनं चित्रकूटच्या तिरोहन डोलोमाइटातल्या, जीवाश्म असलेल्या फॉस्फोराइटचंच वय काढलं. युरेनियमचं शिसं ठरावीक गतीनंच होतं, म्हणून शिशाच्या समस्थानिकांचं प्रमाण घड्याळाचं काम करतं. उत्तर आलं १६५ कोटी वर्षं. फार तर नऊएक कोटी इकडेतिकडे. जीवाश्म अस्सल होते, चुकलं होतं ते वय! आझमींच्या वाट्याला आलेला संशय आठवला की हा निकाल वाचताना फार बरं वाटतं.

पुढची गंमत २०१७ची. क्ष-किरणांनी दगडाच्या आत डोकावल्यावर पेशींच्या लांबट माळा दिसल्या. पेशीपेशीत शंकरपाळ्याच्या आकाराची एकेक चकती. ती बहुधा हरितलवकाचा भाग असावी. म्हणजे एकाच जीवात प्रकाशसंश्लेषणही आणि गुंतागुंतीची पेशीही. संशोधकांच्या मते ही लाल शैवालं, वय अंदाजे १६० कोटी वर्षं. माळेच्या शैवालाचं नाव ठेवलं ‘रफाताझमिया चित्रकूटेन्सिस’, आझमींच्या सन्मानार्थ. दुसऱ्या, मांसल शैवालाला मिळालं रामाचं नाव : ‘रामाथॅलस’.

लाल शैवाल तुमच्याही स्वयंपाकघरात असतं बरं का! पुडिंगसाठी आणलेलं चायना ग्रास त्याचंच.

अर्थात सूक्ष्मजीवांची गोष्ट चित्रकूटच्या शैवालांहूनही जुनी. पश्चिम ऑस्ट्रेलियात त्यांनी रचलेले थर ३४८ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. हवेत ऑक्सिजन टिकू लागला तो सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी, आणि त्याचं श्रेय नीलहरित सूक्ष्मजीवांचं. प्रकाश टिपणारे त्यांचे आतले पडदे ऑस्ट्रेलियातच १७५ कोटी वर्षांच्या खडकात दिसल्याचं २०२४ मध्ये जाहीर झालं.

विंध्य खडकांनी आणखी एकदा चकवलं. वि. श्री. वाकणकरांनी उजेडात आणलेल्या भीमबेटकाच्या गुहेत, छताजवळ, ‘डिकिन्सोनिया’ या ५५ कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्याचा ठसा सापडल्याची बातमी २०२१ मध्ये गाजली. तो खरा असता, तर तिथल्या खडकाचं वय १०० कोटींवरून थेट ५५ कोटींवर आलं असतं. २०२३ मध्ये जोसेफ मीर्ट आणि सहकाऱ्यांनी तो ठसा पुन्हा तपासला. निघालं काय, तर आग्या मोहोळाचा वाळून गेलेला अवशेष! मूळ दावा करणाऱ्या ग्रेगरी रिटॅलॅक यांनीही ते मोकळेपणानं मान्य केलं.