उंची ताडमाड, अंगाने पाप्याचे पितर

एनबीए या अमेरिकी व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधले संघ दर उन्हाळ्यात ड्राफ्टमधून नवे खेळाडू उचलतात. आधीच्या हंगामात मार खाल्लेल्या संघांना सोडतीने पहिला हक्क मिळतो आणि निवड चुकली, तर ती पुढे कित्येक वर्षे निस्तरावी लागते. २०२२च्या ड्राफ्टआधी सगळ्यात जास्त वाद झाला तो गोंझागा विद्यापीठाच्या चेट होमग्रेनवर. उंची ७ फूट १ इंच आणि वजन १९५ पौंड, म्हणजे जेमतेम ८८ किलो. लांबून बास्केट करणारा, समोरच्याचा फटका हवेतच अडवणारा (म्हणजे ‘ब्लॉक’ करणारा) हा गडी व्यावसायिक खेळाडूंच्या धसमुसळेपणात टिकेल का, यावर जाणकारांत उभे दोन तट पडले. ओक्लाहोमा सिटी थंडरने त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतले.

या वादात दोन वेगळ्या भीती एकमेकींत मिसळल्या होत्या. एक म्हणजे त्याला सगळे ढकलून देतील. दुसरी म्हणजे तो मोडेल.

ढकलाढकली रिंगखाली चालते. फटका हुकला की रिबाउंडसाठी, म्हणजे उसळून परतणाऱ्या चेंडूसाठी, प्रत्येक जण प्रतिस्पर्ध्याला पाठीवर घेऊन कमरेने मागे रेटतो. याला खेळाडू ‘बॉक्स आउट’ म्हणतात. इथे वजन उपयोगी पडते हे खरे, पण त्याहून जास्त उपयोगी पडते बसकी ठेवण: गुडघे वाकलेले, पाय फाकलेले, कंबर प्रतिस्पर्ध्याच्या कमरेखाली. लांब तंगड्यांच्या माणसाला तेवढे खाली बसता येत नाही. म्हणजे अडचण किलोंची कमी आणि ठेवणीची जास्त.

चेंडू घेऊन घुसणाऱ्याला अडवताना मात्र गणित बदलते. आक्रमक शेवटच्या पावलाला खांदा बचाव करणाऱ्याच्या छातीत रेटतो. हलका माणूस अर्धे पाऊल मागे सरकतो आणि तेवढ्या फटीतून चेंडू वर टाकायचा, असा हा डाव असतो. होमग्रेनच्या पसरलेल्या हातांचे माप साडेसात फूट आहे. तो मागे सरकतो खरा, पण त्याचा हात चेंडूच्या वाटेतच राहतो. संशयवाद्यांनी छाती मोजली आणि हात मोजायचे राहिले, असे म्हणायला जागा आहे.

काळही त्याच्या बाजूने बदलला होता. १९९३ साली फिलाडेल्फियाने शॉन ब्रॅडली या साडेसात फुटी, काटकुळ्या खेळाडूला दुसऱ्याच क्रमांकावर घेतले. तेव्हा धिप्पाड सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारे उंच गडी, रिंगकडे पाठ करून उभे राहत आणि मागच्याला रेटत रेटत आत शिरत. ब्रॅडली बारा हंगाम खेळला, एका हंगामात ब्लॉकच्या सरासरीत लीगमध्ये पहिला आला. तरी लोकांच्या लक्षात राहिले ते इतरांनी त्याच्या डोक्यावरून चेंडू थेट रिंगमध्ये कोंबून केलेले डंक. पुढे २००१-०२ पासून झोन बचावाला, म्हणजे माणसाऐवजी जागा राखण्याला, मुभा मिळाली आणि पाठीने रेटणाऱ्याला घेरणे सोपे झाले. १९९३-९४ मध्ये एक संघ सामन्यामागे सरासरी दहाच्या आसपास तीन गुणांचे फटके मारत असे. २०२३-२४ मध्ये हा आकडा ३५ झाला. आता उंच माणसाला रिंगखालून तीन गुणांच्या रेषेपर्यंत धावत जावे लागते आणि परतही यावे लागते. तिथे जड शरीराची दमछाक होते.

वजन म्हणजे यश नव्हे, याचे उदाहरण भारतातच आहे. पंजाबचा सतनाम सिंग हा सात फूट दोन इंची, भारदस्त सेंटर २०१५ मध्ये डॅलसने ५२व्या क्रमांकावर निवडला. एनबीएच्या मुख्य हंगामात त्याला एकही सामना मिळाला नाही.

मोडण्याची भीती इतकी सहज निकालात निघत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये सिएटलच्या एका हौशी सामन्यात एनबीएचा दिग्गज लेब्रॉन जेम्सला अडवताना होमग्रेनचे उजवे पाऊल दुखावले आणि पहिला हंगाम वाया गेला. ‘आम्ही सांगत होतोच’ म्हणणाऱ्यांना ऊत आला. पुढच्या हंगामात मात्र तो सगळेच्या सगळे ८२ सामने खेळला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उंचावरून पडून कमरेचे हाड मोडले. त्या हंगामात ३२ सामन्यांवर समाधान मानावे लागले. हे कृश बांध्यामुळे झाले का, ते एका माणसावरून ठरत नाही. २००७ मध्ये पोर्टलंडने दणकट ग्रेग ओडनला पहिला आणि सिएटलने किडकिडीत केविन ड्युरंटला दुसरा निवडला. ड्राफ्टपूर्व चाचणीत ८४ किलोचा बार ड्युरंटला एकदाही उचलता आला नव्हता. ओडन दुखऱ्या गुडघ्यांपायी एकूण १०५ सामनेच खेळू शकला. ड्युरंट २०१४ चा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

‘अंग भरेल की’ हा समर्थकांचा आवडता युक्तिवादही बेभरवशाचा आहे. २०१३ मध्ये १५व्या क्रमांकावर आलेला यानिस आंतेतोकुंपो तेव्हा असाच हडकुळा होता. तो भरून पहाडासारखा झाला. ड्युरंट मात्र सडपातळच राहिला.

थंडरने होमग्रेनचे अंग भरण्याची वाट पाहिली नाही. २०२४ मध्ये त्यांनी आयझाया हार्टेन्स्टाइन हा दांडगा सेंटर आणला आणि रेटारेटीचे काम त्याच्याकडे सोपवले. मे २०२५ मध्ये बाद फेरीत डेन्व्हरविरुद्धच्या सातव्या सामन्यात तर त्यांच्या अगडबंब सेंटर निकोला योकिचला रोखायची मुख्य कामगिरी ॲलेक्स करूसोवर आली. करूसोची उंची साडेसहा फुटांच्या आत, वजन होमग्रेनपेक्षाही कमी. पण तो खाली बसून योकिचच्या मांड्यांना भिडत राहिला. त्यामुळे होमग्रेन मागे मोकळा राहून रिंग राखू शकला. जूनमध्ये इंडियानाविरुद्ध अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यात त्याने १८ गुण आणि ५ ब्लॉक केले आणि थंडरने अजिंक्यपद जिंकले.