तुटपुंज्या जपानीवर जपानात नोकरी

जपानात माणसांचा तुटवडा आहे, तेव्हा भाषा न येताही काम मिळेल, अशी समजूत सर्रास आढळते. ती अर्धीच खरी आहे. एप्रिल २०१९ मध्ये जपानने ‘विशिष्ट कौशल्य’ नावाचा निवास-परवाना सुरू केला. जानेवारी २०२१ मध्ये त्याविषयी भारताशी करार झाला. वृद्धांची शुश्रूषा, शेती, बांधकाम, उपाहारगृहे अशा क्षेत्रांत त्याच्या पहिल्या श्रेणीवर साधारणतः ५ वर्षे काम करता येते.

त्यासाठी कौशल्याची परीक्षा द्यावी लागते. भाषेची अट मात्र माफक आहे. जपानी भाषेच्या परीक्षेतील ५ पायऱ्यांपैकी खालून दुसरी, म्हणजे एन-४, किंवा तिच्या तोडीची दुसरी परीक्षा पुरते. शुश्रूषेसाठी तेवढी त्या कामातील भाषेची निराळी परीक्षा असते.

तथापि एन-४ मध्ये वाचन व श्रवण तपासले जाते, बोलणे नव्हे. रात्रपाळीत एखादी वृद्धा ‘इताई’ म्हणाली, तर दुखते आहे एवढे कळते. परंतु कोठे, केव्हापासून, हे विचारता आले नाही आणि पाळी बदलताना सहकाऱ्यास सांगता आले नाही, तर त्या कळण्याचा उपयोग काय?

भाषा तोकडी म्हणून हक्क तोकडे होत नाहीत. तेच काम करणाऱ्या जपानी माणसाइतके तरी वेतन देणे मालकावर बंधनकारक आहे. कराराच्या अटी आपल्याला समजणाऱ्या भाषेत ऐकल्यावाचून उमेदवाराने सही करू नये. आणि एन-४ हाती आल्यावर प्रयाणापर्यंतचे महिने बोलण्याच्या सरावास द्यावेत.