यशवंत जेवत नाही

'ताई, तू येशील तेव्हा घरात दोन बाळं असतील हं,' असं धाकटी फोनवर म्हणाली आणि माझ्या पोटात गोळाच आला. जुळं? आणि हे मला आत्ता, तिकीट काढल्यावर सांगतेय? मग ती हसत सुटली. एक बाळ तिच्या पोटातलं आणि दुसरं तिच्या अकरा वर्षांच्या लेकानं हट्टानं घरात आणलेलं. काय, तर सरडा!

आईचे गुडघे आता विमानप्रवासाचे राहिले नाहीत, म्हणून बाळंतपणाला सिडनीला मी गेले. आपल्याकडे मे महिन्यात अंगाची नुसती लाही होत होती आणि तिथे उतरले तर थंडी सुरू झालेली. त्यांची ऋतूंची उलटी तऱ्हा! बॅगेतून स्वेटर काढायच्या आधीच भाच्यानं हाताला धरून काचेच्या पेटीसमोर नेलं. 'मावशी, हा यशवंत.'

पेटीत कोणीच नव्हतं. म्हणजे, मला दिसलं नाही. एका खोट्या खडकाच्या बिळात दोन बारीक डोळे होते, बस्स. तानाजी मालुसऱ्यांच्या घोरपडीची, यशवंतीची दंतकथा आजोबांनी फोनवर ऐकवलेली, त्यावरून हे नाव. मुलगा आहे हे कशावरून, तर भाच्याच्या मनावरून!

या प्राण्याला दाढीवाला सरडा म्हणतात. गळ्याखाली काट्यांची झालर असते. चिडला किंवा घाबरला की ती फुगवून काळी करतो, दाढीच जशी. हा मूळचा ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या, उष्ण भागातला. आता जगभर लोक पाळतात, पण त्याच्या मायदेशी पाळायचा तर न्यू साउथ वेल्स राज्यात सरकारी परवाना लागतो. रानातून धरून आणता येत नाही, पैदास करणाऱ्याकडूनच घ्यावा लागतो. परवाना मेहुण्यांच्या नावावर आणि पैसे भाच्याच्या वाढदिवसाचे, तीन वर्षं साठवलेले. मार्चअखेर अंड्यातून निघालेलं पिल्लू, माझ्या आधी पाच दिवस घरात आलेलं. आणि पाच दिवसांत त्यानं मोजून चार किडे खाल्ले होते.

आता मी पडले अंगणवाडीत वजनं घ्यायला जाणारी बाई. गेली बारा वर्षं आमच्या महिला मंडळातर्फे हेच काम करते. मूल जेवत नाही म्हटलं की माझे हात शिवशिवतात. दुसऱ्या दिवशीपासून मी सकाळ-संध्याकाळ पेटीत हात घालायचा, यशवंतला बिळातून अलगद बाहेर काढायचं आणि खाण्यासमोर ठेवायचं, असा परिपाठ सुरू केला. 'नाटकं करतोय, बघ कसा खाईल!' तो अंगानं काळपट व्हायचा, मग एक पुढचा पाय उचलून हवेत सावकाश गोल फिरवायचा. 'मावशी, तो तुला टाटा करतोय!' आम्ही सगळे खूश. मी त्याला उलटा टाटासुद्धा केला. तो पुन्हा बिळात.

खाणं म्हणजे काय, तेही सांगायला हवं. रातकिडे आणि झुरळं! विकत आणलेली, डबीत वळवळणारी. जन्मभर ओट्याच्या कडेनं खडू ओढण्यात गेला आणि बहिणीच्या घरी झुरळांना गाजराचा कीस घालायची वेळ आली. (हो, किड्यांनाही चांगलं खाऊ घालायचं असतं, कारण त्यांच्या पोटातलंच शेवटी याच्या पोटात जातं.) मी मनाचा हिय्या करून चिमट्यानं धरायला शिकले. पण यशवंत तोंड फिरवायचा.

आठव्या दिवशी तो बिळाबाहेर डोळे मिटून पडलेला दिसला. भाचा शाळेत जाईना. रडला नाही, पण बोलायचाच थांबला. त्याची आई पाय सुजलेले घेऊन पलंगावर, बाबा दिवसभर कामावर, येणाऱ्या बाळाच्या कपड्यांनी घर भरलेलं. त्याचं असं त्या घरात हे एवढंसं पिल्लूच होतं. मेहुणे हळूच मला म्हणाले, 'ताई, परत देऊन टाकू का? उद्या ऐन बाळंतपणात काही झालं तर याला कोण समजावणार?' मी म्हटलं, आधी डॉक्टरला दाखवू.

सरपटणाऱ्या प्राण्यांचे वेगळे डॉक्टर असतात, हे मला तिथे कळलं. डॉक्टरीणबाई तिशीच्या असतील. त्यांनी यशवंतला हात लावायच्या आधी वजनकाट्यावर ठेवलं. नऊ ग्रॅम. आपल्या दोन चमचे साखरेएवढं! मग त्यांचे प्रश्न सुरू झाले, आणि एकही 'काय खातो' हा नव्हता. ऊन खायची जागा किती गरम आहे? दिवा कुठला? पेटी कुठे ठेवलीय? रोज किती वेळा हातात घेता?

या शेवटच्या प्रश्नाला मी खाली बघितलं.

सरड्याचं रक्त थंड. अन्न पचवायला लागणारी ऊब त्याला बाहेरून मिळवावी लागते. पिल्लाला ऊन खायच्या जागी साधारण ३८ ते ४२ अंश हवेत आणि पेटीच्या दुसऱ्या टोकाला पंचविसाच्या आसपास, म्हणजे त्याला हवं तेव्हा तापता यावं आणि हवं तेव्हा निवता यावं. ऊब कमी पडली तर भूकच लागत नाही, आणि बळजबरीनं भरवलंच तर पोटात न पचता तसंच राहतं. आमच्या पेटीच्या काचेला चिकटवलेला तापमापक तर चाळीस दाखवायचा! पण तो दिव्याजवळच्या काचेचं तापमान सांगत होता, यशवंत बसतो त्या दगडाचं नव्हे. घरी येऊन मेहुण्यांनी कोरोनात कपाळावर धरायचे तसलं, पण वस्तूंचं तापमान मोजणारं यंत्र दगडावर धरलं. एकतीस! बिचारा रोज तव्यापाशी जात होता आणि तवाच थंड होता.

दुसरी गोष्ट दिव्याची. नुसता उजेड आणि ऊब पुरत नाही, उन्हातले अतिनील किरणही लागतात. त्यांच्याशिवाय त्याच्या अंगात 'ड' जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि ते नसेल तर खाल्लेला कॅल्शियम अंगी लागत नाही. हाडं मऊ पडतात, जबडा वाकतो, पाय थरथरतात. आपल्याकडच्या मुडदुसाचाच भाऊ. आम्ही पेटी खिडकीशी ठेवली होती, ऊन मिळावं म्हणून. पण खिडकीची काच नेमके तेच किरण अडवते. दुकानदारानं गळ्यात मारलेला छोटा वळणदार बल्बही जाळीच्या वर, लांब टांगलेला. त्याऐवजी लांब नळीचा दिवा बसवायला सांगितला. तोही सहा महिने ते वर्षभरानं बदलायचा, कारण प्रकाश दिसत राहिला तरी किरण संपत येतात. दुकानदाराला काही बोलायला मेहुणे गेले नाहीत. मी असते तर गेले असते!

आणि तो टाटा? डॉक्टरीणबाई हसल्या. लहान पिल्लू मोठ्यासमोर असा पाय फिरवतं, तेव्हा ते 'मी छोटा आहे, मला मारू नकोस' असं सांगत असतं. अंगावर काटाच आला माझ्या. आठ दिवस ते लेकरू माझी विनवणी करत होतं आणि मी त्याला टाटा करत होते.

या सरड्याच्या डोक्यावर मधोमध एक फिकट ठिपका असतो. तो म्हणजे तिसरा डोळाच, चित्र दिसत नाही पण उजेड-सावली कळते. वरून सावली पडली की त्याला वाटतं पक्षी झडप घालतोय. माझा हात रोज वरूनच यायचा. नव्या घरात आलेल्या पिल्लाला पहिला आठवडा-दोन आठवडे हातात घ्यायचंच नाही, लपू द्यायचं. एक बीळ गरम बाजूला, एक थंड बाजूला. आमच्या मंडळाच्या वसतिगृहात पाड्यावरून नवीन मुलगी आली की आम्ही तिला पहिले काही दिवस कोपऱ्यातच जेवू देतो, पंगतीत बसायचा आग्रह करत नाही. हे मला माहीत नव्हतं असं थोडंच होतं?

घरी येऊन आम्ही पेटी नव्यानं मांडली. दिवाणखान्यातल्या टीव्हीजवळून भाच्याच्या खोलीत हलवली. तीन बाजूंना बाहेरून कागद लावला, कारण काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसलं तरी त्याला दुसरा सरडा आल्यासारखं वाटतं. शोभेची वाळू काढून टाकली, कारण किड्याबरोबर पोटात गेली तर आतडं तुंबू शकतं. त्याजागी साधा कागद. दिव्याखालचा दगड उंच केला, दगडावर चाळीस अंश आले. किडे लहान आणले. नियम सोपा आहे, त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा किडा मोठा नको. ते कॅल्शियमच्या भुकटीत घोळवायचे, आपण भजीसाठी मिरच्या बेसनात घोळवतो तसे. दिवसातून दोन-तीनदा, दहा-पंधरा मिनिटांत खाईल तेवढे. उरलेले लगेच काढून घ्यायचे, नाहीतर रात्री रातकिडेच पिल्लाला चावतात. शिवाय बारीक चिरलेली पालेभाजी रोज. मी कौतुकानं पालक चिरला होता, तो बाद झाला, कारण पालक कॅल्शियम अडवून धरतो. किसलेला भोपळा चालतो. पाण्याच्या वाटीकडे तो बघेना, म्हणून नाकाच्या टोकावर कोमट पाण्याचा थेंब सोडायचा. पहिल्यांदा जीभ बाहेर आली, तेव्हा भाचा आठ दिवसांत पहिल्यांदा ओरडला, 'मावशी!!'

तिसऱ्या दिवशी त्यानं स्वतःहून सहा किडे खाल्ले. आणि त्याच रात्री धाकटीला कळा सुरू झाल्या. मुलगी झाली, तीन किलो शंभर ग्रॅम. आता घरात दोन वजनं लिहिली जायला लागली. यशवंतसाठी वेगळा काटा आणि एक वही आणली. नाव आणि आकडे देवनागरीत लिहायचे, अशी माझी अट. घरात मराठी बोलतो, पण लिहिता येत नव्हतं. 'य' त्याला पहिल्याच दिवशी जमला, 'श' नं फार छळलं.

बाळ आलं तसा मला दुसराच घोर लागला. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की धडधाकट दिसणाऱ्या सरड्याच्या विष्ठेतही साल्मोनेलाचे जंतू असू शकतात, आणि तान्ह्या बाळाला ते फार घातक. आणि मी? मी त्याची पाण्याची वाटी पहिले आठ दिवस स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये, चहाच्या कपांशेजारी विसळली होती. आपल्या शहाणपणाचा असा पंचनामा झाला की बरं वाटत नाही हो! त्यानंतर त्याची भांडी वेगळी, धुवायची जागा वेगळी, ओट्यावर त्याला आणायचं नाही आणि साबणानं हात धुतल्याशिवाय बाळाच्या खोलीत पाऊल नाही. भाच्यानं हे इतकं मनावर घेतलं की मलाच दारात अडवून हात हुंगायचा.

वाटलं, आता झालं. पण वहीत आकडा बारावर अडकला. खात होता, तरी दहा दिवस बारा, तेरा, पुन्हा बारा. शी पातळ आणि वास तर असा की खिडकी उघडावी लागे. अंगणवाडीत असं मूल दिसलं की मी पहिल्यांदा जंतांचं विचारते. इथेही तेच निघालं. विष्ठा तपासली तर कॉक्सिडिया नावाचे आतड्यातले सूक्ष्म परजीवी बरेच सापडले. थोडेफार पुष्कळ सरड्यांत असतात म्हणे, पण पिल्लू ताणाखाली असलं की त्यांचं फावतं. वजनावर मोजून पातळ औषध दिलं. सुईशिवायच्या सिरिंजनं ओठाच्या कडेला थेंब सोडायचा. आणि पेटीतला कागद रोज बदलायचा, विष्ठा पडली की लगेच उचलायची, नाहीतर तेच परजीवी पुन्हा पोटात. हे काम भाच्यानं कोणाला करू दिलं नाही. शाळेतून आला की आधी यशवंतची सफाई, मग पाळण्याशी.

दरम्यान एकदा डॉक्टरीणबाईंना विचारलं, हा यशवंत आहे हे नक्की ना? त्यांनी फारच गमतीची गोष्ट सांगितली. या सरड्यांची अंडी फार गरम जागी उबवली गेली, बत्तीस अंशांच्या वर, तर जन्मजात नर असायला हवं ते पिल्लूसुद्धा मादी होऊन बाहेर येऊ शकतं. रानातही असं घडतं, हे कॅनबेरा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलं, आणि अशा माद्या जास्त अंडी घालतात असंही त्यांना दिसलं. मी घरी येऊन धाकटीला हे सांगितलं तर बाळाला पाजता पाजता म्हणाली, 'म्हणजे तिथेही जास्तीचं काम बाईलाच!' आत्ता एवढ्यात कळणार नाही, शेपटीचं मूळ जरा भरू दे, मग उजेडात बघू, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मी निघाले, तेव्हा वहीत एकेचाळीस होतं. यशवंत दगडावर पोट टेकून, तोंड उघडं टाकून ऊन खात होता. जास्तीची ऊब तोंडावाटे सोडायची त्यांची ती पद्धत. मी काचेशी वाकले, बाजूनं, वरून नाही. त्यानं एक डोळा माझ्याकडे फिरवला. पाय काही उचलला नाही.

ऑक्टोबरमध्ये दिवाळीच्या फराळाच्या गडबडीत फोन वाजला. भाच्यानं वहीचा फोटो पाठवला होता. शेवटच्या ओळीत ९४. डॉक्टरीणबाईंनी शेपटीखाली उजेड धरून बघितलं होतं. दोन उंचवटे असतील तर नर, मधोमध एकच असेल तर मादी. एकच होता. मी लगेच फोन लावला, 'काय रे, मग आता नाव बदलणार?'

'बदललं की. बघ ना नीट, मावशी.'

फोटो मोठा करून पाहिला. वहीच्या पहिल्या पानावर मी शिकवलेल्या 'यशवंत'च्या 'त'ला लाल पेनानं दुसरी वेलांटी दिली होती.