रेड वाइनची बाटली शोकेसमध्ये ठेवण्याआधी

पुण्याच्या शनिवार पेठेत वाड्यांच्या जागी इमारती आल्या आणि त्या इमारतींतल्या कितीतरी घरांतली मुलं आता मेलबर्न, सिडनी, ॲडलेडला असतात. सुट्टीवर येताना बाटली येते, कारण माणशी दोन लिटरपर्यंत मद्य करमुक्त आणता येतं. बहुधा ती शिराझ किंवा कॅबर्ने सोव्हिन्याँ या द्राक्षांची असते. महागाची असते, म्हणून कोणी उघडत नाही. हॉलमधल्या शोकेसमध्ये ती वर्षानुवर्षं उभी राहते आणि कोणी विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "राहू दे, जितकी जुनी तितकी चांगली."

हे बहुतेक बाटल्यांच्या बाबतीत खरं नाही. जगात होणारी बरीचशी वाइन दोन-चार वर्षांत संपवण्यासाठीच केलेली असते. उंची ऑस्ट्रेलियन कॅबर्ने पंधरा-वीस वर्षं मुरते, पण अंधाऱ्या, 12 ते 15 अंशांच्या तळघरात. पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. शोकेसमध्ये दोन उन्हाळे काढले की ताज्या जांभळा-करवंदाचा वास जातो आणि शिजवलेल्या मनुकांचा येतो. बुचाची बाटली उभी असेल तर बूच सुकतं आणि हवा आत शिरते. तळघर नसलेल्या घराने ती वर्षभरात प्यावी, आणि तोवर फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात आडवी ठेवावी.

"रेड वाइन थंड करायची नसते" हेही असंच अर्धवट ऐकलेलं. खोलीच्या तापमानाला प्यावी हा सल्ला युरोपातल्या जुन्या दगडी घरांचा, जिथे खोली 16 ते 18 अंशांची असे. आपल्याकडच्या 30 अंशांत साडेचौदा टक्क्यांची शिराझ ओतली तर आधी अल्कोहोलच नाकात जातं. बाहेर असलेली बाटली अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवून मग ओतावी. उघडलेली बाटली फ्रिजमध्ये तीन-चार दिवस बरी राहते, त्यापुढे आंबट होत जाते.

आता सगळ्यात चिवट समजुतीकडे वळू. "रेड वाइन हृदयाला चांगली, ती काही दारू नव्हे." 1991 साली अमेरिकेतल्या एका टीव्ही कार्यक्रमाने सांगितलं की फ्रेंच लोक लोणी-चीज खाऊनही हृदयविकारापासून वाचतात, कारण ते रेड वाइन पितात. पुढे द्राक्षाच्या सालीतल्या रेस्व्हेराट्रॉल या द्रव्याचं नाव झालं. पण ग्लासभर वाइनमध्ये ते इतकं नगण्य असतं की प्रयोगशाळेत वापरतात तेवढं मिळवायला बाटल्याच्या बाटल्या रिचवाव्या लागतील. शिवाय माफक पिणारी माणसं बहुधा सुस्थितीतली, नीट जेवणारी, वेळेवर डॉक्टरकडे जाणारी असतात, त्यामुळे जुन्या अभ्यासांत वाइनला नको तेवढं श्रेय मिळालं. अल्कोहोल कर्करोगकारक आहे हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1988 मध्येच नोंदवलं, आणि कोणतंही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट केलं.

हिशेब घरी करून बघावा. 150 मिलीच्या ग्लासात साडेचौदा टक्क्यांनी सुमारे 17 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. व्हिस्कीच्या 30 मिलीच्या छोट्या पेगमध्ये सुमारे 10 ग्रॅम. म्हणजे "आम्ही फक्त वाइन घेतो" म्हणणाऱ्याचा एक ग्लास दीड पेगाहून जास्त भरतो. चवीसाठी प्यायची तर प्यावी, औषध म्हणून कोणी आजी-आजोबांना चमचा-चमचा पाजू नये. हे मी कळकळीने लिहितो आहे, कारण घराघरांत हे चालतं.

"द्राक्षाचाच तर रस, म्हणजे शाकाहारी" ही समजूत पेठेतल्या घरांसाठी महत्त्वाची. वाइन नितळ करण्यासाठी आणि तिचा तुरटपणा कमी करण्यासाठी अंड्याचा पांढरा बलक, दुधातलं केसीन, जिलेटिन किंवा माशापासून केलेला पदार्थ वापरण्याची जुनी पद्धत आहे. तो गाळून निघतो, पण वापरलेला असतो. सगळेच उत्पादक वापरत नाहीत. लेबलवर 'व्हेगन' लिहिलेलं असेल तर प्रश्न मिटला. आणि "सल्फाइटमुळे डोकं दुखतं" म्हणणाऱ्यांनी तासगावचा बेदाणा आठवावा. त्याला गंधकाची धुरी देतात, आणि अशा बेदाण्यात सल्फाइट वाइनपेक्षा कितीतरी जास्त सापडतं. दम्याच्या रुग्णांनी मात्र जपावं. बाकीच्यांचं डोकं बहुतेक वेळा अल्कोहोलने आणि कमी प्यायलेल्या पाण्याने दुखतं.

दोन द्राक्षं मिसळलेली वाइन हलकी, असंही मानतात. जणू भेसळच! ऑस्ट्रेलियात तर कॅबर्ने-शिराझची जोडी ही मानाची परंपरा आहे. कॅबर्नेला बांधा असतो, तुरटपणा असतो, पण चव मध्येच जराशी पोकळ लागते. तिथे शिराझचा गर भरतो. पेनफोल्ड्स या तिथल्या कंपनीची 'बिन 389' ही 1960 पासूनची अशीच जोडी. त्याच घरची 'ग्रेंज' तर मुख्यतः शिराझचीच. पेनफोल्ड्सचा वाइनमेकर मॅक्स शुबर्ट 1950 मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोला जाऊन आला, तिथल्यासारखी दीर्घायुषी वाइन करायचं त्याने ठरवलं. दक्षिण ऑस्ट्रेलियात कॅबर्ने फार कमी होती, म्हणून त्याने शिराझ घेतली आणि 1951 मध्ये पहिली प्रायोगिक वाइन केली. चाखणाऱ्यांना ती आवडली नाही. 1957 मध्ये व्यवस्थापनाने काम बंद करायला सांगितलं, तर त्याने तीन हंगाम गुपचूप चालू ठेवलं. मुरल्यावर तीच वाइन देशाची शान ठरली.

शिराझ हे नाव ऐकून ती इराणातून आली असं सांगणारे पुष्कळ भेटतात. नव्वदच्या दशकाअखेरीस झालेल्या डीएनए तपासणीत तिचे आईबाप आग्नेय फ्रान्सचे निघाले: द्युरेझा आणि मोंद्यूझ ब्लाँश. कॅबर्ने सोव्हिन्याँ ही कॅबर्ने फ्राँ आणि सोव्हिन्याँ ब्लाँ यांची लेक, म्हणजे काळ्या द्राक्षाला पांढऱ्याचं रक्त. रंगही रसाचा नसतोच. काळं द्राक्ष चिरून पाहा, गर पांढरटच दिसतो. रंग आणि तुरटपणा सालीतून येतो, म्हणून आंबताना साल रसातच ठेवतात.

त्यामुळेच मंडईतल्या सोनाका किंवा शरद सीडलेसची वाइन चांगली होत नाही. ती खायची द्राक्षं, टपोरी, पातळ सालीची, बिनबियांची. कॅबर्नेचा मणी लहान, जाड सालीचा, मोठ्या बियांचा. चावला तर तोंड आवळतं. नाशिक, दिंडोरी, अकलूजकडे वाइनसाठी ही वेगळी वेलच लावतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरता सरता गोडी छाटणी, आणि तोड जानेवारी ते मार्चमध्ये. ऑस्ट्रेलियातली तोडही साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये होते, फक्त तिथे तेव्हा उन्हाळा सरत येऊन शरद लागत असतो.

राहिला "परदेशी म्हणजे भारी" हा प्रश्न. आयात वाइनवर 150 टक्के सीमाशुल्क होतं. ऑस्ट्रेलियाशी झालेला करार 29 डिसेंबर 2022 ला लागू झाला आणि किमान आयात किंमत 15 अमेरिकी डॉलर असलेल्या बाटलीवर ते 75 टक्क्यांवर आलं, पुढे दहा वर्षांत 25 पर्यंत उतरणार आहे. 5 डॉलरच्या बाटलीवर ते 100 टक्क्यांपासून 50 पर्यंत येईल. वर राज्याचे कर आहेतच. म्हणून इथे चढ्या भावाला मिळणारी बाटली तिकडे रोजच्या जेवणातली असू शकते. जेकब्स क्रीक तिकडे असाच घरोघरचा ब्रँड आहे. तेवढ्याच पैशांत सुलाची दिंडोरी रिझर्व्ह शिराझ किंवा अकलूजच्या फ्रातेल्लीची 'सेत्ते' घेऊन, दोन्ही बाटल्या सारख्याच गार करून, लेबलं झाकून चाखाव्यात. माझ्या मते आपल्या हवेत शिराझ कॅबर्नेपेक्षा चांगली उतरते. नव्याने सुरुवात करणाऱ्याने पहिली बाटली तिचीच घ्यावी.