फुटबॉलपटू, पाद्री, राज्यपाल

रविवारी मेलबर्नच्या पार्लमेंट गार्डन्समध्ये एका पुतळ्यापाशी लेक थांबली. "बाबा, हे दोघं कोण?" इथल्या फुटबॉलचं मला भारी वेड, तिथेच बाकावर बसून सगळं सांगितलं.

हे सर डग निकोल्स आणि त्यांच्या पत्नी ग्लॅडिस.

डग आदिवासी, जन्म १९०६ चा. उंची जेमतेम पाच फूट दोन इंच, पण पळायला वारा! १९२७ मध्ये कार्ल्टन क्लबात कातडीच्या रंगामुळे त्यांना जागा मिळाली नाही.

पुढे फिट्झरॉयकडून ५४ सामने खेळले. तिथे सुरुवातीला कपडे बदलायच्या खोलीत ते कोपऱ्यात एकटेच बसले होते. त्या काळातला सर्वांत गाजलेला खेळाडू हेडन बंटन उठला आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसला. हा प्रसंग सांगताना माझा गळा दाटतो.

पोटासाठी त्यांनी फिरत्या तंबूत बॉक्सिंगही केलं. खेळ सुटल्यावर पाद्री झाले, आदिवासींच्या हक्कांविषयीच्या १९६७ च्या सार्वमतासाठी झटले, १९७२ मध्ये 'सर' किताब मिळाला आणि १९७६ मध्ये ते साउथ ऑस्ट्रेलियाचे राज्यपाल झाले. हे पद मिळालेले पहिले आदिवासी! तब्येतीमुळे मात्र काही महिन्यांतच ते सोडावं लागलं.

एएफएल या इथल्या फुटबॉल लीगची एक फेरी दरवर्षी त्यांच्या नावाने होते. तेव्हा संघांच्या जर्सीवर आदिवासी चित्रं असतात.